ऐकावे जनाचे : थाई बोलताना



या सदरात आपण बहुतेक वेळा आपल्या घरातल्याच भाषांबद्दल बोलतो. मराठी, हिब्रू, आणि मुलांच्या तोंडची ती दोन्हींची खिचडी. या वेळी जरा लांबची भाषा घेतली आहे, थाई. लांबची म्हणते खरी, पण दक्षिणेत मोशावच्या आसपास राहणाऱ्यांना ती रोज कानावर पडते. टोमॅटो, मिरची, खजूर, काढणीचं काम कुठलंही असो, शेतात माणसं थाई. २०२३ च्या ऑक्टोबरपूर्वी असे जवळजवळ तीस हजार मजूर या देशात होते. आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आपली नातवंडं लष्करातून सुटली की पाठीवर पिशवी टाकून निघतात ती थेट थायलंडला. म्हणजे ते इकडे आणि आपले तिकडे. मधली भाषा मात्र दोन्हीकडे कोणाला येत नाही. हातवारे आणि मोडकंतोडकं हिब्रू, नाहीतर मोडकंतोडकं इंग्रजी.

मी परिचारिका म्हणून नोकरी केली. दवाखान्यात थाई मजूर यायचे. "कोएव?" असं विचारलं की मान हलवायचे. कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून, काही कळायचं नाही. निवृत्त झाल्यावर मी थाई शिकायला घेतली ती त्यासाठी. इथेच लग्न करून राहिलेल्या एका थाई बाई आम्हा चार-पाच जणांना शिकवतात. जे काही पदरात पडलं ते आज सांगते. कोणाचा नातू निघाला असेल तर त्यालाही वाचून दाखवा.

आधी एक आकडा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात वकिलातीच्या लोकांना भाषा शिकवणारी संस्था आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला कुठली भाषा शिकायला किती वेळ लागतो याची त्यांनी यादी केली आहे. त्यात हिब्रू आणि थाई एकाच गटात आहेत : ४४ आठवडे, सुमारे ११०० तास वर्गात बसून. तेव्हा उल्पानमध्ये घाम गाळून हिब्रू शिकलेल्या आपल्या आईवडिलांनी जेवढा डोंगर चढला, तेवढाच हा. घाबरायचं कारण नाही, पण दोन आठवड्यांत येईल असंही कोणी समजू नये.

एकाच अक्षराचे पाच सूर

थाई शिकणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो सुरांचा. आपण मराठीत "हो" किती तऱ्हांनी म्हणतो बघा. विचारताना "हो?" वर जातं, कंटाळून म्हटलं तर खाली पडतं, रागावून म्हटलं तर ठासून. तरी शब्द तोच, अर्थ तोच. बदलतो तो आपला भाव. थाईमध्ये सूर बदलला की शब्दच बदलतो. सूर पाच आहेत : सपाट, खालचा, पडता, वरचा आणि चढता.

आता "मा" घ्या. सपाट सुरात म्हटलं तर "ये". वरच्या सुरात म्हटलं तर "घोडा". आणि खालून वर चढवत नेलं, आपण आश्चर्याने "काऽय?" म्हणतो तसं, तर "कुत्रा". आपल्याला तिन्ही वेळा "मा"च ऐकू येतं, आणि थाई माणसाला ते तीन निरनिराळे शब्द वाटतात, जसे आपल्याला काठी, गाठी आणि पाठी.

याहून वाईट "क्लाय". सपाट म्हटलं तर "लांब", पडत्या सुरात म्हटलं तर "जवळ". रस्ता विचारणाऱ्या परक्या माणसाच्या नशिबी नेमके हेच दोन शब्द एकसारखे यावेत! "सुआय" चढवत म्हटलं तर "सुंदर", सपाट म्हटलं तर "दुर्दैवी, पनवती". एखाद्या बाईचं कौतुक करायला गेलेला पाहुणा तिला काय बोलून बसतो ते तुम्हीच ठरवा.

आणि माझ्या कामाचा शब्द, "या". सपाट सुरात "या" म्हणजे औषध. खालच्या सुरात "या" म्हणजे "नको, करू नकोस". पडत्या सुरात म्हणाल तर गवत, किंवा वडिलांची आई. "किन या" म्हणजे औषध घे, आणि "या किन", खालच्या सुरात, म्हणजे खाऊ नकोस. शब्दांची जागा बदलते म्हणून बहुतेक वेळा निभावतं, पण गोळ्यांच्या बाबतीत "बहुतेक वेळा" पुरत नाही, हे परिचारिका म्हणून सांगते.

यात आपली एक जुनी सवय आडवी येते. प्रश्न विचारताना आपण वाक्याचं शेपूट वर उचलतो. मराठीत तसं, हिब्रूत तसं, इंग्रजीतही तसं. थाईत शेवटचा शब्द वर उचलला की तो दुसराच शब्द होतो. म्हणून थाई माणूस प्रश्नासाठी सुराला हात लावत नाही, वाक्याच्या शेवटी "माय" हा शब्द जोडतो. "चेप माय?" म्हणजे "दुखतं का?" पण दुसरा एक "माय" आहे, पडत्या सुराचा, तो नकाराचा. तो आधी येतो. "माय चेप" म्हणजे "दुखत नाही". एक माय पुढे, एक माय मागे, दोघींचे सूर वेगळे. थाई मुलं गमतीने एक वाक्य म्हणतात, पाचही शब्द "माय"च : "नवं लाकूड जळत नाही, का?" आपल्याला वाटावं कोणी आईला हाका मारतंय.

मग भाव कुठे दाखवायचा? राग, लाडीगोडी, आग्रह? त्यासाठी थाईत वाक्याच्या शेवटी छोटे छोटे शब्द आहेत. इथे मराठी माणूस खूश होतो. आपण "ये ना", "बस की", "बरं का", "हं" म्हणतो तसंच. त्यातला एक तर अगदी "ना"च आहे, ऱ्हस्व आणि वरच्या सुरातला. "मा ना" म्हणजे "ये ना". आमच्या शिक्षिकाबाईंनी हा शब्द सांगितला तेव्हा वर्गातल्या हिब्रू बोलणाऱ्यांना तो समजावायला त्यांना अर्धा तास लागला. मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आपला कान कुठे कामाला येतो

मराठी बोलणाऱ्याला थाईत काही गोष्टी फुकटात मिळतात, आणि त्या आपल्या मुलांना, जी फक्त हिब्रू बोलतात, मिळत नाहीत.

थाईत "प" आणि "फ", "त" आणि "थ", "क" आणि "ख", "च" आणि "छ" हे सगळे वेगळे. हिब्रूत तेथ आणि ताव, दोन्हींचा उच्चार आज एकच. इंग्रजी माणूस शब्दाच्या सुरुवातीला "प" म्हणायला गेला तर अर्धा "फ" होतो. आपल्याला मात्र ताट आणि थाट, पळ आणि फळ यांतला फरक आईच्या दुधाबरोबर मिळालेला. हिब्रूत त्या देशाला "ताइलांद" म्हणतात, आपण थायलंड म्हणतो. आपलं बरोबर आहे! थाई लोक स्वतःला "थाय"च म्हणतात, थ थंडीतला.

रोमन लिपीत लिहिलेलं वाचणारे प्रवासी इथे फसतात. फुकेत बेटाचं नाव पी-एच ने लिहितात, म्हणून पाश्चात्त्य लोक त्याला दातांनी ओठ दाबून "फ्"ने म्हणतात. तो "फ" आपल्या फळातला, दोन्ही ओठांचा. नूडल्सचा जो "पाड थाई" इथे तेल अवीवमध्येही मिळतो, त्याचा खरा उच्चार "फत थाय". "फत" म्हणजे परतलेलं.

"अ‍ॅ" आणि "ऑ" हे बॅट आणि डॉक्टरमधले स्वरही थाईत आहेत, ते आपल्याला येतात. मात्र दोन स्वर नव्याने शिकावे लागतात. एक म्हणजे "ऊ" म्हणायचा, पण ओठ "ई" म्हणताना ताणतो तसे ताणून. हात, विकत घेणे, असे रोजचे शब्द त्या स्वराचे आहेत. दुसरा काहीसा आपल्या "अ"ला लांबवल्यासारखा. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ नीट पाळावं लागतं. मराठी लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घासाठी मास्तरांचा मार खाल्ला, बोलताना मात्र कोणी बघत नाही. थाईत "खाव" आखूड, चढत्या सुरात म्हटलं तर "तो, ती", तेच लांबवून म्हटलं तर "पांढरा". त्याच लांब "खाऽव"चा सूर पाडला तर "भात", खाली ठेवला तर "बातमी".

मग येतो "ङ". शाळेत क, ख, ग, घ म्हणून आपण ङ वर नुसती मान डोलवून पुढे जायचो, कारण त्याने सुरू होणारा शब्दच नव्हता. थाईत तो शब्दाच्या सुरुवातीला येतो. काम म्हणजे "ङान". पैसा म्हणजे "ङन", त्या लांबवलेल्या अ ने. मजुराच्या आयुष्यातले दोन मोठे शब्द, आणि दोन्ही ङ ने सुरू. "रंग" म्हणताना "रं"पाशी जीभ जिथे असते तिथेच ठेवून पुढे "आन" म्हणायचं. चार दिवस सराव केला की जमतं.

शब्दाचा शेवट हीसुद्धा एक अडचण. आपण "बाप" म्हणून शेवटी ओठ उघडतो. थाईत ओठ मिटायचे आणि मिटलेलेच ठेवायचे. त, क यांचंही तसंच, आवाज गिळून टाकायचा. भाजी म्हणजे "फक", परतलेलं म्हणजे "फत", आणि शेवटचा आवाज गिळल्यावर दोन्ही जवळजवळ सारखे ऐकू येतात. आणखी एक नियम : शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला तर त्याचा न होतो. फुटबॉलचं "फुतबॉन". आणि इस्राएलचं? "इत्सराएन". तुमच्या शेजारच्या शेतातला मजूर "इत्सराएन" म्हणाला तर तो आपल्याच देशाचं नाव घेतोय हे ध्यानात ठेवा.

एक, थो, त्री, चत्तवा

आता लिपी. बरेच परदेशी लोक म्हणतात की आधी बोलायला शिकू, अक्षरं नंतर. आमच्या बाई उलट सांगतात, आणि मला ते पटलं. रोमन अक्षरांत सूर दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही. थाई अक्षरांत सगळं दिसतं.

थाई लिपीत ४४ व्यंजनं आहेत, त्यातली दोन आता कोणी वापरत नाही. रामखमहेङ राजाने १२८३ मध्ये ती तयार केली असं परंपरा सांगते. मूळ मात्र दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीत, कंबोडियाच्या ख्मेर लिपीमार्गे. त्यामुळे अक्षरांचा क्रम आपलाच, क-च-ट-त-प. मुलांना शिकवायची रीतही आपलीच. आपण "क कमळाचा" म्हणतो, ते "को काय" म्हणतात, क कोंबडीचा. "खो खाय", ख अंड्याचा. आणि "ङो ङू", ङ सापाचा.

गंमत अशी की आपल्या ग आणि घ च्या जागी जी अक्षरं आहेत त्यांचा उच्चार काळाच्या ओघात "ख" झाला. द चा थ झाला, ब चा फ झाला. पण जुना फरक पुसला गेला नाही, तो सुरात जाऊन बसला. म्हणून एकाच "ख" उच्चाराची निरनिराळी अक्षरं आहेत, आणि कुठलं अक्षर लिहिलंय त्यावरून सूर ठरतो. व्यंजनांचे तीन वर्ग, त्यावर शब्दाचा शेवट कसा, स्वर ऱ्हस्व की दीर्घ, आणि वरची खूण. एवढं सगळं जुळवलं की सूर कळतो. हे पाठ करताना डोकं उठतं हे खरं. सुराच्या चार खुणांची नावं मात्र आपल्याला पाठ करावी लागत नाहीत : एक, थो, त्री, चत्तवा. एक, दोन, तीन, चार!

शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, सगळं वाक्य एका दमात लिहितात. काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारतात. हिब्रू माणसाला हे विचित्र वाटतं. आपण पहिल्या वेलांटीपासून "कि" असंच लिहीत आलो, आपल्याला त्यात काही नवल नाही.

ओळखीचे चेहरे

थाईत संस्कृत आणि पालीतून आलेले शब्द ढिगाने आहेत. भाषा म्हणजे "फासा". गुरू म्हणजे "ख्रू". वेळ म्हणजे "वेला". आहार "आहान", रोग "रोक", रथ "रोत", आणि रथ म्हणजे आता मोटार. आकाश "आकात", म्हणजे हवा-पाणी. शत्रू "सत्रू". धोक्याच्या पाटीवर "अन्तराय" लिहिलेलं असतं, अंतराय म्हणजे विघ्न. टेलिफोनला ते "थोरसप" म्हणतात, तो मुळात "दूर-शब्द". टेलिव्हिजन म्हणजे "थोरथत", आणि हे तर चक्क आपलं दूरदर्शन!

बँकॉकला थाई लोक बँकॉक म्हणत नाहीत, "क्रुङ थेप महा नखोन" म्हणतात. थेप म्हणजे देव, महा नखोन म्हणजे महानगर. २००६ साली सुरू झालेल्या विमानतळाच्या पाटीवर रोमनमध्ये "सुवर्णभूमी" दिसतं, पण टॅक्सीवाल्याला तसं म्हटलं तर तो बघत राहील. म्हणायचं "सुवन्नफूम". २०१६ मध्ये वारलेल्या राजाचं नाव आपण भूमिबल असं वाचतो, तिथे "फूमिफोन".

म्हणजे ओळखीचा माणूस, पण वेष बदललेला. वाचताना हे शब्द मदतीला धावतात. बोलताना मात्र मराठी उच्चार आणि मराठी सूर घेऊन गेलात तर ते तुम्हाला ओळखणार नाहीत. मराठी माणसाने इथे "आपल्याला येतंच की" म्हणून निर्धास्त होऊ नये.

मोठा कोण, धाकटा कोण

थाई माणूस पहिल्या भेटीत वय विचारतो. राग मानू नका. वय कळल्याशिवाय त्याला तुम्हाला हाक मारता येत नाही. मोठ्याला "फी", धाकट्याला "नॉङ". आईवडिलांहून मोठे असाल तर "लुङ" किंवा "पा". आईच्या धाकट्या भावाबहिणींना "ना", वडिलांच्या धाकट्यांना "आ". आईची आई "याय", वडिलांची आई "या". इथे आल्यावर मामा, काका, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा सगळे एका "दोद"मध्ये कोंबावे लागले तेव्हा आपल्या आयांना किती चुकल्यासारखं झालं होतं! थाईत पुन्हा नात्यांची घडी मोकळी होते, फक्त तिच्या रेघा वेगळ्या ठिकाणी आहेत.

वाक्याच्या शेवटी पुरुषाने "ख्रप" आणि बाईने "खा" लावायचं. तो आदर आहे, आपल्या "जी"सारखा. बोलताना बरेच जण र गाळून नुसतं "खप" म्हणतात. इथे परक्या माणसाचा हमखास घोटाळा होतो. आपण काही सांगत असतो आणि समोरचा "ख्रप, ख्रप" म्हणत असतो. आपल्याला वाटतं तो "हो, हो" म्हणतोय. तो एवढंच म्हणतोय की ऐकू येतंय. समजलं का, पटलं का, हे वेगळं विचारावं लागतं : "खाव चाय माय?" शब्दशः "मनात शिरलं का?" आणि उत्तर सरळ हो-नाही असं येत नाही, विचारलेला शब्दच परत येतो. "किन माय?" खातोस का? "किन." खातो. आपणही "जेवलास?" "जेवलो" असंच म्हणतो की.

आणखी एक शब्द, "क्रेङ चाय". दुसऱ्याला त्रास नको म्हणून आपलं मागे ठेवणं. इंग्रजीत याला शब्द सापडत नाही म्हणून पुस्तकांत पानंच्या पानं भरलेली असतात. मराठीत एक अक्षर पुरे : भीड. इथल्या देशात भीड नावाची वस्तू कोणी पाहिलेली नाही हे आपण जाणतोच. त्यामुळे थाई मजूर डॉक्टरपुढे भिडेने "नित नॉय", थोडंसंच, म्हणतो, आणि ऐकणारा ते खरं धरून पुढच्याला बोलावतो.

दुखण्याचे शब्द म्हणूनच नीट शिकावेत. हिब्रूत सगळ्याला "कोएव". आपल्या आज्यांकडे ठणका होता, कळ होती, चमक होती, चुरचुर होती, अंग मोडून येत होतं. थाईतही तसंच आहे. "चेप" म्हणजे लागलंय, जखमेसारखं दुखतंय. "पुआत" म्हणजे आतून ठणकतंय, डोकं, पोट, दात. "सॅप" खालच्या सुरात म्हणजे चुरचुरतंय, औषधाची फवारणी अंगावर उडाली तर हाच शब्द येईल. "मुअय" म्हणजे अंग आंबून गेलंय. "खन" म्हणजे खाज, "छा" म्हणजे बधिर. हे सहा शब्द ओळखता आले तर अर्धं निदान तिथेच होतं. विचारायचं "चेप त्रोङ नाय?" हा "नाय" आपल्या कोकणातला नव्हे बरं का, चढवून म्हणायचा, त्याचा अर्थ "कुठे".

गोळ्या सांगताना "या सॉङ मेत", औषध, दोन, दाणे. थाईत वस्तू मोजताना आपल्या "चार जण", "दोन नग"सारखा एक शब्द प्रत्येक वेळी लागतो. माणसांना "खोन", जनावरांना "तुआ", गोळ्यांना "मेत". आणि वेळ सांगताना फार जपायचं. संध्याकाळी सातपासून त्यांचे तास पुन्हा एकपासून सुरू होतात. "सॉङ थुम" म्हणजे दोन नव्हे, रात्रीचे आठ. शंका असेल तर घड्याळावर बोट ठेवा.

कोणती थाई?

आता शेवटची अडचण, आणि ती पुस्तकांत सापडत नाही. इथे येणारे बहुतेक मजूर थायलंडच्या ईशान्य भागातले, ईसानचे. त्यांची घरची बोली बँकॉकची थाई नव्हे, लाओ भाषेच्या जवळची आहे. शाळेत आणि टीव्हीवर थाई, घरात ईसानची बोली. नकाराला "माय" न म्हणता "बॉ" म्हणतात. चविष्ट म्हणजे पुस्तकात "आरॉय", त्यांच्या तोंडी "सॅप", आणि हा सॅप पडत्या सुरातला. वर सांगितलेला चुरचुरण्याचा सॅप खालच्या सुरातला. त्यांची पपईची कोशिंबीर मिरच्यांनी इतकी तिखट असते की दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात.

आपल्याला हे नवं नाही. पुण्याच्या पुस्तकातली मराठी आणि अलिबाग-पेणकडची आपल्या घरातली मराठी यांत अंतर होतंच. बँकॉकची थाई बोललात तर ईसानचा माणूस समजेल, उत्तरही देईल. पण त्याच्या बोलीतला एक शब्द बोललात तर तो हसेल आणि मग खरं बोलायला लागेल.

शिकायचं कसं, असं कोणी विचारेल. जे. मार्विन ब्राउन या अमेरिकन भाषातज्ज्ञाने १९८४ पासून बँकॉकच्या ए.यू.ए. भाषा केंद्रात एक पद्धत चालवली. विद्यार्थ्याने पहिले कित्येक महिने बोलायचंच नाही, नुसतं ऐकायचं, लहान मूल ऐकतं तसं. आपल्याला तेवढा वेळ नाही. पण त्यातलं थोडं घेता येतं. नवा शब्द सुटा पाठ न करता, ऐकलेल्या वाक्यासकट, त्याच्या सुरासकट तोंडात बसवावा, गाण्याची चाल बसवतो तसा. आणि रोज दहा मिनिटं का होईना, मोठ्याने म्हणावा. सूर मनातल्या मनात शिकता येत नाही.

या मजुरांना इथे राहायची मुदत पाच वर्षं तीन महिने. नवीन आलेल्या ओलीमसारखा उल्पानचा हक्क त्यांना नाही. जे हिब्रू येतं ते शेतावर कानावर पडलेलं, आणि ते बहुधा हुकमाचं असतं : ये, जा, लवकर, पुरे. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला सीमेजवळच्या शेतांवर यांच्यातलेही मारले गेले, ३१ जणांना गाझात नेलं. त्यातले पाच जण ३० जानेवारी २०२५ ला सुटून आले तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ज्या भांडणाची भाषाही त्यांना येत नव्हती त्यात ते सापडले. तेव्हा आपल्या गावच्या शेतावर असा कोणी दिसला तर निदान त्याच्या भाषेत विचारा : "सबाय दी माय?" बरा आहेस ना? माय चढवून म्हणा. तो "सबाय दी" म्हणेल. मग थोडं थांबा. भीड असते, खरं उत्तर जरा मागून येतं.

या अंकापुरतं एवढंच. पुढच्या वेळी, काही वाचकांच्या आग्रहावरून, आपल्या घरांतल्या स्वयंपाकाच्या शब्दांबद्दल लिहीन. तुमच्या आईच्या तोंडचे जुने शब्द आठवत असतील तर जरूर कळवा.